आई-बाळाच्या संशोधनातली माझी आठ वर्षं

२०१६ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरच्या वस्तीत शिरले, तेव्हा पाठीवर बाळांची लांबी मोजायची घडीची फळी होती, खांद्याला वजनकाटा होता आणि संमतीपत्रांचा गठ्ठा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला होता. पहिल्या गल्लीत एका आजींनी आत हाक दिली, "पोलिओवाल्या आल्या गं!" दुसऱ्या गल्लीत रेशनकार्डाचं काय झालं म्हणून विचारलं. तिसऱ्या गल्लीत मी नाव सांगायच्या आत दार लागलं.

घरी कळव्याला तरी वेगळं काय होतं? मावशी आईला म्हणाली, "बीएस्सी करून पोरगी दारोदार फिरणार? नर्स तरी आहे का ती?" मी नर्स नव्हते. पोषणशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते, आणि एका संशोधन प्रकल्पाची 'फील्ड इन्व्हेस्टिगेटर हवेत' ही जाहिरात बघून मुलाखतीला गेले होते. मुलाखतीत प्रथिनं-कॅलरीबद्दल फारसं विचारलं नाही. एका बाईंनी विचारलं, "एखादी बाई माहिती देता देता रडायला लागली तर काय कराल?" मी म्हटलं, फॉर्म बाजूला ठेवीन, तिला वेळ देईन, आणि तिला चालणार असेल तरच पुढचं विचारीन. आठवड्याभरात फोन आला.

प्रकल्प असा होता: गरोदर बायकांची शक्य तितक्या लवकर नोंद करायची आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत दोघांच्या मागे राहायचं. गरोदरपणाचे साधारण २७० दिवस आणि बाळाची पहिली दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस, असे हजार दिवस. मुलाची वाढ, मेंदू, पुढे मोठेपणी होणारे मधुमेहासारखे आजार, या सगळ्याचा पाया बराचसा याच दिवसांत घातला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा असाच पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतः हडकुळी दिसतात, पण वजनाच्या मानानं त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यातून जगाला कळलं. प्रशिक्षणात हे ऐकलं आणि माझ्या मनातला 'सर्व्हे' हा शब्द गळून पडला.

प्रशिक्षणाचे पंधरा दिवस मला अजून तपशीलवार आठवतात. सगळ्यात जास्त वेळ गेला तो लांबी मोजायला शिकण्यात. एका अंगणवाडीत दहा मुलं आणि आम्ही सहा जणी. प्रत्येकीनं प्रत्येक मूल दोनदा मोजायचं, आणि दुसऱ्यांदा मोजताना पहिला आकडा समोर नसायचा. दोन वर्षांच्या आतलं मूल फळीवर उताणं झोपवायचं. एकीनं डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, मुलाची नजर सरळ छताकडे हवी. दुसरीनं एका हातानं दोन्ही गुडघे हळूच दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हातानं सरकती पट्टी तळव्यांना भिडवायची. बोटं वर, टाचा टेकलेल्या. मूल रडतंय, आई दारात अस्वस्थ उभी, आणि या सगळ्यात मिलिमीटरपर्यंत आकडा वाचायचा. मग दुसऱ्या जोडीनं तेच करायचं. दोघींच्या आकड्यांत सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की दोघींनी पुन्हा मोजायचं.

हा सात मिलिमीटरचा नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातून आलेला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत १९९७ ते २००३ या काळात तो झाला. आपल्याकडचं केंद्र दक्षिण दिल्लीत होतं. त्यातून २००६ साली मुलांच्या वाढीचे जे तक्ते निघाले, तेच आज अंगणवाडीच्या भिंतीवर आणि आईच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर असतात. आणखी एक सात मिलिमीटर आम्हाला पाठ करायला लावले. तेच मूल झोपवून मोजलं तर उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर लांब भरतं. म्हणून दोन वर्षांच्या आत झोपवून, दोन वर्षांनंतर उभं.

मी यातच चुकले. दुसऱ्या वर्षी एकोणीस महिन्यांचं एक बाळ काही केल्या फळीवर झोपेना. त्याची आई कामावर जायच्या घाईत होती. मी त्याला भिंतीशी उभं केलं, मोजलं आणि टॅबवर 'झोपवून' या पर्यायावर टिक केली. आमच्या दर दहा घरांतलं एक घर सुपरवायझर पुन्हा मोजायच्या, आणि नेमकं तेच घर त्यांच्या वाट्याला आलं. त्यांनी मला ऑफिसात बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "उभं मोजलंस याचं काही नाही. मूल झोपतच नसेल तर उभं मोजावं, तसं लिहावं, हिशेबात ०.७ मिळवता येतात. पण तू जे केलं नाहीस त्यावर टिक केलीस. आता हा आकडा मला दुरुस्तही करता येणार नाही, कारण तो चुकलाय हेच कुणाला दिसणार नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ती बाई कामावर जायच्या आधी, मी त्या घरी होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. वर्तमानपत्रात हा आकडा आला की मला फळी दिसते. गुडघे धरणारा कुणाचातरी हात दिसतो.

वाशिमकडची एक ताई मला पहिल्याच महिन्यात भेटली. नवरा तुर्भ्याच्या एमआयडीसीत हमालीला, लग्नाला आठ महिने झालेले, हिला तिसरा महिना. संमतीपत्र वाचायला घेतलं. त्या वेळचा मराठी मसुदा असा होता: 'सदर अभ्यासामधील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून...' मी अर्धं पान वाचलं आणि वर बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "मॅडम, रक्त किती घेणार? विकणार तर नाही?" आत पडद्यामागून सासूबाई म्हणाल्या, "सही करू नको, घर पाडायचा कागद असंल." वस्तीत राहणाऱ्या माणसाला कागदाची ही भीती का वाटते, ते त्या वस्तीत चार महिने फिरल्यावर कळतं.

मी कागद मिटवला. रिकामी नळी काढली, त्यांच्याच माठातलं पाणी त्यात खुणेपर्यंत भरलं आणि सासूबाईंच्या तळव्यावर ओतलं. दोन मिली. अर्धा चमचाही भरला नाही. "एवढंच. याचं हिमोग्लोबिन बघणार, आणि त्याचा कागद तुमच्याच हातात देणार. नको वाटलं तर आज नाही म्हणा, उद्या नाही म्हणा, मधेच सोडा. दवाखान्यात त्यावरून कुणी काही बोलणार नाही." सासूबाईंनी तळवा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बस मग." त्या ताईला सही येत होती. सासूबाईंसारख्या कुणाचा अंगठा घ्यायचा असेल, तर आमच्या टीमबाहेरचा एक साक्षीदार लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं नंतर मी किती वेळा वाचली असतील, पण मला संमती शिकवली ती त्या ओल्या तळव्यानं.

मसुदा बदलायला मात्र तीन महिने लागले. एक शब्द बदलायचा तरी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, आणि लागायलाच हवी. मी आणि सोबतच्या दोघींनी बसून सगळं संमतीपत्र बोलीत लिहून काढलं, मूळ न बघितलेल्या एकीनं त्याचं पुन्हा इंग्रजी केलं, दोन्ही ताडून पाहिलं, मगच ते मंजूर झालं. संशोधनातलं मी लिहिलेलं ते पहिलं पान.

त्या ताईचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि ७ च्या खाली गेलं तर तो गंभीर असतो, तिथे एक दिवसही थांबून चालत नाही. लोहाच्या गोळ्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी तिला दिलेल्या होत्या. त्या गादीखाली होत्या. "शी काळी होते, मग भीती वाटते," ती म्हणाली. हे कुणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं: काळी शी गोळीमुळे होते, काही बिघडलेलं नसतं, आणि गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. मला वाटायचं, संशोधन म्हणजे नुसतं टिपून घेणं. पण आमच्या कार्यपद्धतीत स्पष्ट लिहिलं होतं की धोका दिसला तर आधी पाठवणी, मग फॉर्म. मी तिला घेऊन वाशीच्या महापालिका रुग्णालयात गेले. रांगेत दोन तास उभ्या होतो आणि तेवढ्यात ती मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागली.

किती महिने झाले, हे ठरवणं तर वेगळीच विद्या. शेवटची पाळी कधी आली विचारलं की तारीख फार थोड्या जणी सांगतात. "गौरी बसल्या तेव्हा मी बाहेरची होते, त्यानंतर नाही." "रमजानच्या आधी." मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून दोघींनी मिळून मागे जायचं: नारळी पौर्णिमा, नणंदेचं लग्न, नळाला पाणी नव्हतं तो आठवडा. खात्रीसाठी सोनोग्राफी हवीच, तीही पहिल्या तीन महिन्यांत. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे यंत्र घेऊन घरोघर जाता येत नाही, नोंदणी असलेल्या केंद्रातच बाईला न्यावं लागतं. त्यासाठी रोजंदारी बुडवून यायला तयार करणं हा फील्डवरचा निम्मा घाम.

आणि मग सातवा महिना लागला, ओटीभरण झालं, आणि माझ्या यादीतल्या बायका एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. पहिलं बाळंतपण माहेरी. बीड, जालना, वाशिम, कलबुर्गी, जौनपूर. आराखडा लिहिणाऱ्यांनी जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाचं वजन घ्यायचं ठरवलं होतं, आणि बाळ जन्माला येत होतं आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर. वर्गात याला 'पाठपुराव्यातून गळती' म्हणतात. गळती म्हटलं की वाटतं, बायका कंटाळून सोडून गेल्या. त्या कुठेही सोडून गेल्या नव्हत्या, आईकडे गेल्या होत्या. ज्या जात नव्हत्या त्या माहेर तुटलेल्या, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या. त्यांचेच आकडे घेऊन बसलो असतो तर आख्ख्या वस्तीबद्दल भलतंच काही लिहिलं असतं.

मी वहीत एक पान पाडलं: माहेरचं गाव, भावाचा किंवा आईचा फोन, आणि तिथल्या आशाताईंचा नंबर. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांच्याकडे काटा असतो. वाशिमच्या त्या गावातल्या आशाताईंना मी फोन केला तेव्हा त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "हां, कालच मोजलं, दोन किलो दोनशे ऐंशी." त्यांनी फोटोही पाठवला. दवाखान्याच्या कार्डावर मात्र 'अडीच किलो' लिहिलेलं होतं. नवजात बाळाचं वजन पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडं उतरतंच, पण कार्डांवर मला अडीच आणि तीन हे आकडे फारच वेळा भेटत होते. अडीच किलोच्या खाली बाळ गेलं की ते कमी वजनाचं ठरतं, त्यामुळे अडीच या आकड्यापाशी हात थबकतो.

आशाताईंच्या या सहा भेटी २०११ पासून देशभर सुरू झाल्या, आणि त्यांचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. या कामात येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीनं ही हकिकत जाणून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जगभरात वाचल्या गेलेल्या त्या निष्कर्षाची मोजणी गावातल्या बायकांच्या हातांनी झाली होती.

पैशाचं थोडक्यात सांगते. करार अकरा महिन्यांचा. दर वर्षी मध्ये एक दिवसाचा खंड, नवा कागद. एकदा तीन महिने मानधन आलं नाही आणि कुणी कारणही सांगितलं नाही. आम्हा सहा जणींपैकी चौघी दोन वर्षांत गेल्या, त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा सरस होत्या. वस्तीनं ओळखलेली बाई गेली की नवीला तो विश्वास पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो, आणि हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही.

२०१९ मध्ये मला किशोरवयीनांच्या अभ्यासावर घेतलं. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यांचं खाणं, पाळी, मनाचं आरोग्य, नातेसंबंध असं सगळं त्यात येतं. इथे बाळाच्या फळीपेक्षा अवघड गोष्ट समोर आली. सोळा वर्षांची मुलगी विश्वासानं आपल्या संबंधांबद्दल बोलली, तर अठरा वर्षांखालच्या मुलांशी लैंगिक संबंध हा गुन्हा धरणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती माहिती कळवणं बंधनकारक आहे. 'तू सांगशील ते कुणाला कळणार नाही' असं आधी म्हणायचं आणि नंतर कळवायचं, हा तिचा विश्वासघात. म्हणून आम्ही प्रश्नांच्या आधी सांगायचो: या या गोष्टी मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, त्या बोलायच्या की नाही ते तू ठरव. काही मुली तिथेच गप्प झाल्या. माहिती कमी मिळाली. मला अजूनही वाटतं, तसंच करायला हवं होतं.

मग २०२० आलं. फळी आठ महिने कपाटात राहिली आणि मी कळव्याच्या घरातून फोनवर बोलत होते, कधी आहाराचं, बरेचदा नुसतंच.

त्याच काळात एमपीएचचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, अर्ज भरला. सुपरवायझर म्हणाल्या होत्या, "कर, पण संख्याशास्त्राला भिऊन सोपे पेपर घेऊ नकोस." भीती होतीच. दुसऱ्या सत्रात सरांनी पडद्यावर जन्मवजनांचा आलेख लावला: छान उतरती टेकडी, आणि मधेच दोन सुळके, अडीचवर आणि तीनवर. सर विचारत होते, हे सुळके कशाचे? माझा हात वर गेला. ते सुळके माझ्या ओळखीचे होते. मी कार्डं, काटे, दवाखान्यातली गर्दी, सगळं सांगितलं आणि वर्ग ऐकत राहिला. त्या दिवसापासून 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिताना माझे हात थरथरले नाहीत.

२०२३ मध्ये प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट या पदासाठी मुलाखत दिली. समोर पाच जण. एकांनी विचारलं, "तुमच्या आराखड्यात गळती किती धराल?" मी म्हटलं, आधी पहिलटकरणी किती ते मोजीन आणि त्यांचं माहेर कुठे आहे ते नोंदणीच्याच दिवशी विचारीन. पॅनलवरच्या एक बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मी स्वतः बाळंतपणाला सांगलीला गेले होते." ती जागा मला मिळाली.

आता मुली मला विचारतात, यायचं तर कुठून यायचं? खरं सांगायचं तर दारं पुष्कळ आहेत. नर्सिंग, गृहविज्ञान, समाजकार्य, संख्याशास्त्र, आयुर्वेद, एमबीबीएस, सगळीकडून आलेली माणसं माझ्या टीममध्ये आहेत. आपल्या भागातून परळची प्रजनन व बाल आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था लोकलच्या अंतरावर आहेत. त्यांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पांच्या जाहिराती बघत राहा. नेटसारखी परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, पीएचडीचा रस्ता त्यातून सोपा होतो. पण एक वर्ष तरी फील्डवर काढा. पदवी मोठी असली तरी काढा.

२०२४ मध्ये आमच्या पहिल्या तुकडीतली मुलं सात वर्षांची झाली आणि पुढच्या टप्प्याला मंजुरी आली. नव्या मुलीला सोबत घेऊन मी त्या वाशिमच्या ताईकडे गेले. सासूबाई आता नाहीत. ताईनं संमतीपत्र स्वतः वाचलं, दोन प्रश्न विचारले, सही केली. पण आता तेवढं पुरत नाही. सात वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःला विचारावं लागतं, आणि तो नको म्हणाला तर आईची सही असूनही थांबावं लागतं.

मी खाली फरशीवर बसले, त्याच्या उंचीला. त्याला सांगितलं की तू एवढासा होतास तेव्हा मी तुला मोजलं होतं, आता पुन्हा मोजायचंय, थोडं रक्तही घ्यायचंय, थोडं दुखेल. त्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं नको बघू, ताई तुला विचारतेय."

"नाही म्हटलं तर तुम्ही रागावणार?"

"नाही."

त्यानं जरा विचार केला. "उंची मोजा. सुई नको."

नव्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. रक्ताशिवाय ती नोंद अर्धवट राहणार होती, तिला ते माहीत होतं. मी तिला टॅबवर रकाना दाखवला: रक्त, मुलानं नकार दिला. तिनं टिक केली. मग तो चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, न सांगताच सरळ समोर बघत उभा राहिला.